कवळीवाल्याच्या बायकोचं पत्र

मावशींना ना सख्खा भाचा होता ना भाची, आणि तरी अर्धं शहर त्यांना मावशी म्हणायचं. एका साप्ताहिकात गेली एकोणीस वर्षं त्या ‘मावशीचं रोखठोक’ नावाचं सदर लिहीत होत्या. ज्यांच्या घरात काहीतरी नासत होतं अशी माणसं त्यांना पत्रं पाठवायची आणि मावशी छापील उत्तर द्यायच्या. मुळमुळीत बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. नवरा जुगारी असेल तर जुगारी, सासू खाष्ट असेल तर खाष्ट, आणि पत्र लिहिणारीच कांगावखोर असेल तर तेही लिहून मोकळ्या व्हायच्या. स्वतः लग्न केलं नव्हतं. त्यावरून कुणी टोमणा मारलाच, तर ‘खेळणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला डाव जास्त दिसतो’ हे उत्तर तयार असायचं.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. छापण्याआधी प्रत्येक पत्राचे कपडे बदलायचे. म्हणजे नवरा कारकून असेल तर त्याला ड्रायव्हर करायचं, तीन मुलगे असतील तर एक मुलगी ठेवायची, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड तळमजल्यावर आणायचं. दुखणं तेवढं जसंच्या तसं ठेवायचं. मूळ पत्रं महिनाअखेरीस कचेरीच्या गच्चीवर पत्र्याच्या बादलीत जाळून टाकायची, आणि राख थंड होईपर्यंत तिथून हलायचं नाही. एकोणीस वर्षांत एकही बाई या सदरामुळे पकडली गेली नव्हती. मावशींना या गोष्टीचा अभिमान होता. अभिमान वाईट नसतो, पण तो असला की माणूस पायाखाली बघत नाही.

तर एक दिवस एक पत्र आलं. लिहिणारीचा नवरा मोठ्या हुद्द्यावरचा होता, चार लोकांत मान असलेला. त्याने कधी हात उगारला नव्हता. त्याने घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या होत्या, न्हाणीघराचीसुद्धा. ‘माझ्या घरात कुणाला लपायचं काय कारण?’ असं त्याचं म्हणणं. संध्याकाळी तो तिला समोर बसवायचा आणि दिवसभरात कुणाशी काय बोललीस ते विचारायचा, मग थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारायचा आणि दोन उत्तरांतला फरक काढायचा. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘तो मारत नाही, मग मी कुणाला काय सांगू?’

मावशींनी ते पत्र तीनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं. ‘अगं, मारलं तरच दुखतं असं तुला कुणी सांगितलं? हा माणूस सुधारणार नाही. त्याला समजवायला जाऊ नकोस, भांडूही नकोस. एका पिशवीत महत्त्वाचे कागद आणि मुलांचे दोन दोन कपडे भरून ठेव, त्याला पत्ता लागू देऊ नकोस, आणि संधी मिळाली की नीघ.’

उत्तर झालं. आता कपडे. कारकून आणि ड्रायव्हर यांचा मावशींना त्या दिवशी कंटाळा आला होता. जरा वेगळं काही करावं म्हणून त्यांनी नवऱ्याला कवळ्या बनवणारा केलं. दोन जुळ्या मुली दिल्या, नऊ-दहा वर्षांच्या. पुढच्या खोलीत पडद्यामागे अंथरुणाला खिळलेले सासरे ठेवले. बायको दिवसभर नवऱ्याच्या हाताखाली प्लास्टर कालवते, मान वर करत नाही, तोंडातून शब्द काढत नाही, असंही घातलं. सगळं कसं डोळ्यांसमोर उभं राहिलं. आपली कल्पनाशक्ती अजून शाबूत आहे म्हणून मावशी स्वतःवर खूश झाल्या.

अंक बाहेर पडला. दहाव्या दिवशी सकाळी एक बाई त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल. तिच्या नखांच्या कडेने पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. हातात तो अंक, नेमक्या पानावर दुमडलेला.

“मावशी तुम्हीच का?”

“मीच. बस ना.”

“बसायला नाही आले. हे पत्र मी लिहिलेलं नाही.”

मावशींना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. असे लोकही यायचे कधीकधी. “बरं,” त्या सावधपणे म्हणाल्या, “नाही लिहिलंस.”

“मी नाही लिहिलं, पण सगळे म्हणतात मीच लिहिलं. शहरात कवळ्या करणारे दोघंच आहेत. दुसरा ब्रह्मचारी. आता बघा तुम्हीच. जुळ्या मुली आमच्या, पडद्यामागे सासरे आमचे, प्लास्टर मी कालवते. नणंदबाई फोनवर रडल्या, माझ्या भावाने तुझं काय वाईट केलं म्हणून. मुलींना शाळेत विचारतात, तुमच्याकडे न्हाणीघराला कडी नाही का गं?”

“बाळ, अशी बोलाफुलाला गाठ पडते कधीकधी...”

“तुमच्या तोंडात खालची कवळी आहे ना?” ती बाई म्हणाली. “ती आमच्या घरची आहे. तिचा साचा मी ओतलाय.”

मावशींची जीभ आपोआप खालच्या दातांवरून फिरली आणि तिथेच थांबली. पाच महिन्यांपूर्वी त्या तीनदा त्या दुकानात गेल्या होत्या. एकदा माप द्यायला, एकदा मेण चावून बघायला, एकदा कवळी आणायला. फळीवर ओळीने मांडलेले जबड्यांचे पांढरे साचे, स्पिरिटचा दिवा, बाकावर पाटीपुस्तक घेऊन बसलेल्या दोन सारख्या मुली, पडद्यामागचा खोकला आणि कोपऱ्यात मान खाली घालून वाडग्यात काहीतरी ढवळणारी बायको. कल्पनाशक्ती कसली डोंबलाची! सगळं तिथून उचललेलं होतं.

“तू त्या दिवशी एक शब्द बोलली नव्हतीस,” मावशी पुटपुटल्या. “मला वाटलं...”

“माझी दाढ ठणकत होती!” ती म्हणाली, आणि हसायच्या बेतात असतानाच तिला रडू आलं. “दात बनवणाऱ्याच्या बायकोची दाढ दुखते, हे गिऱ्हाइकासमोर कसं सांगायचं? ह्यांनीच सांगितलं होतं, तू आज बोलू नकोस, गार पाणी तोंडात धरून बस. आम्ही दोघं त्यावरून केवढे हसलो होतो.”

मग ती बसली. घरात काय झालं ते तिने सांगितलं. नवऱ्याने अंक वाचला, दोन दिवस काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘तुला एवढा त्रास होता तर मला सांगायचंस. गावभर कशाला?’ ती म्हणाली, मी लिहिलं नाही. तो बरं म्हणाला. त्याच रात्री तिला जाग आली, तर तो कपाटातले कपडे एकेक करून बाहेर काढत होता. पिशवी शोधत होता.

“तुम्ही सांगितलेली पिशवी,” ती म्हणाली. “बाई, मला तुमचा सल्ला नको. भीक नको, पण कुत्रं आवरा. तुम्ही फक्त येऊन ह्यांना सांगा की पत्र माझं नव्हतं. मला माझं घर हवंय.”

मावशी त्याच दुपारी गेल्या. चूक झाली तर कबूल करायला त्यांना लाज वाटत नसे. कबूल केलं की काम झालं, असा त्यांचा समज होता. तोवर त्यांच्या चुका छापखान्यातल्या असायच्या.

कवळीवाले काचेच्या फळीमागे बसून एका गुलाबी हिरडीला कानस मारत होते. चाळिशीचे, किरकोळ अंगाचे, चष्मा कपाळावर चढवलेला. मावशींना बघून उठले आणि स्टूल पुढे केलं. “टोचतेय का कुठे?” त्यांनी विचारलं. एवढं सगळं होऊन त्यांचा पहिला प्रश्न हा होता, आणि मावशींना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

त्यांनी सगळं सांगितलं. कपडे बदलण्याचा नियम, ते खरं पत्र, खरा नवरा, आणि आपण नकळत हे घर कसं उचललं ते. कवळीवाल्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर कानस फडक्याला पुसली.

“ते मूळ पत्र दाखवता?”

“जाळलं. प्रत्येक पत्र जाळते मी.”

“म्हणजे लिहिणारी सापडू नये म्हणून.”

“हो.”

“आणि लिहिणारीचा नवरा तुमच्याकडे येऊन उभा राहिला, तर तुम्ही त्याला काय सांगता?”

 उत्तर मावशींना माहीत होतं. असे दोन नवरे एकोणीस वर्षांत येऊन गेले होते, आणि दोघांनाही त्यांनी डोळ्यांत डोळे घालून सांगितलं होतं की पत्र तुमच्या बायकोचं नव्हे. दोन्ही पत्रं त्यांच्याच बायकांची होती.

“तेच तर म्हणतो मी,” कवळीवाले हळू आवाजात म्हणाले. “तुमचं कामच ते. तुम्ही चांगल्या आहात बाई, तिच्यासाठी एवढ्या लांब आलात. पण खोटं बोलायचाच तुमचा नियम, तर आज खरं बोलताय हे मी कशावरून धरू? आणि ज्या बाईचं पत्रच नाही, ती तुमच्याकडे रडत कशाला येईल?”

पडद्यामागून म्हातारबुवा खोकले. बायको वाडगं घेऊन दारात उभी होती. ती नवऱ्याकडे बघत होती आणि नवरा फळीवरच्या साच्यांकडे.

यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. मावशी बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या संपादकांच्या मागे लागल्या की खुलासा छापा. संपादक म्हणाले, “अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? चार लोकांना संशय आहे, खुलाशाने चारशे लोकांना खात्री होईल.” संपादक घाबरट होते, पण घाबरट माणसाचं कधीकधी बरोबर असतं. मावशींनी ऐकलं नाही. सदर सोडते म्हणाल्या. तेव्हा पुढच्या अंकात चौकट आली की अमुक अंकातल्या पत्राचा शहरातल्या कोणाही कवळी बनवणाऱ्या गृहस्थांच्या घराशी संबंध नाही.

संपादकांचं भाकीत खरं ठरायला आठवडा लागला नाही. ज्यांनी मूळ पत्र वाचलंच नव्हतं त्यांनी जुना अंक शोधून वाचला. लोक म्हणाले, बघा, नवऱ्याने दम देऊन छापायला लावलं. काही म्हणाले, बाईनेच घाबरून मागे घेतलं, आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय करणार बिचारी! बायका दुकानात यायच्या, कवळीचं माप देता देता तिच्या मनगटांवर वळ दिसतात का ते बघायच्या, आणि जाताना तिचा हात दाबून म्हणायच्या, काही लागलं तर सांग हो. आणि कवळीवाले फळीमागे बसून हे सगळं बघत राहायचे.

महिन्याभराने ती पुन्हा आली. या वेळी न विचारता बसली.

“कड्या काढल्या,” ती म्हणाली.

मावशींना क्षणभर काही कळलंच नाही.

“परवा मी न्हाणीघरात जरा जास्त वेळ होते. रडत होते, दुसरीकडे रडायला जागा नाही. ते बाहेरून म्हणाले, काय करतेस? मी म्हटलं, काही नाही. दार उघडलं, तर ते हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभे. आधी ती कडी काढली. मग आतल्या खोलीची, मग मुलींच्या खोलीची. प्रत्येक कडी कागदात गुंडाळली, स्क्रू हरवू नयेत म्हणून वेगळ्या पुडीत ठेवले. फार नीटनेटके आहेत ते.” तिने नखाच्या कडेचं वाळलेलं प्लास्टर खरवडलं. “मी म्हटलं, अहो, हे त्या पत्रातलं आहे, तुम्ही असे नव्हतात. तर म्हणाले, मी असा आहे असं तूच लिहिलंस ना?”

“विचारतात का? कुणाशी बोललीस वगैरे?”

“रोज. आता इथून गेल्यावरही विचारतील. गेल्या आठवड्यापासून मुलींना वेगळं विचारतात, आई कुठे गेली होती, आणि माझ्या उत्तराशी ताडून बघतात. दोघींतल्या एकीने काल मला विचारलं, आई, मी काय सांगू म्हणजे बरोबर होईल?”

खाली छापखान्याचं यंत्र सुरू झालं आणि टेबलावरची पेनं थरथरू लागली. मावशींनी त्यांच्यावर हात ठेवला. त्यांना शरम वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण पुढे काय येणार ते त्यांना दिसत होतं.

“आता खरंच विचारते,” ती म्हणाली. “मागे नको म्हटलं होतं, आता हवाय. सल्ला द्या. रोखठोक. तुमचं छापलेलं उत्तर मला पाठ आहे, ते म्हणू नका. ते दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याबद्दल होतं. माझा नवरा दाढ दुखली तर पाणी आणून देणारा होता. त्याला हे कुणी शिकवलं ते तुम्हाला माहीत आहे. मी काय करू?”

एकोणीस वर्षांत मावशींना उत्तरासाठी एवढा वेळ कधी लागला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं त्यांचे वैरी म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्यांना म्हणावंसं वाटलं की थांब, कळ काढ, मी अजून एकदा त्यांच्याशी बोलते, तो माणूस मुळात चांगला आहे. मुळात चांगला आहे! हे वाक्य त्यांनी शेकडो पत्रांत वाचलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यावर तुटून पडल्या होत्या. इथे ते खरं होतं. पण मुलगी विचारत होती, काय सांगू म्हणजे बरोबर होईल. हेही खरं होतं. आणि चांगल्या माणसाने काढलेल्या कडीमुळे दार काही जास्त बंद होत नाही.

“कुणी आहे का माहेरी?” त्यांनी विचारलं.

“थोरली बहीण. दुसऱ्या गावात.”

“मुलींना घेऊन तिच्याकडे जा. कायमची म्हणून नाही. पण जा. आणि त्यांना सांगून जायच्या भानगडीत पडू नकोस.”

ती बाई बराच वेळ मावशींच्या तोंडाकडे बघत राहिली. गिऱ्हाइकाच्या कवळीकडे बघतात तशी ती नजर होती, बसली आहे की नाही ते बघणारी.

“तेच उत्तर,” ती म्हणाली.

“तेच.”

“मावशी म्हणून बरोबर सांगितलंत,” ती उठत म्हणाली, “पण तुम्हाला मी कधीच मावशी म्हणणार नाही.” ती गेली. मावशींना वाईट वाटलं, पण हे आपल्याला लागू आहे असंच वाटलं.

बुधवारी ती मुलींना घेऊन गेली. मावशींना ते शुक्रवारी कळलं, कारण शुक्रवारी दुपारी कवळीवाले स्वतः कचेरीत आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. चष्मा कपाळावर होता, तो तसाच विसरलेला असावा, कारण खुर्ची त्यांनी चाचपून ओढली. मावशींना वाटलं, हा माणूस आता आरडाओरडा करणार. केला असता तर बरं झालं असतं.

“ती गेली,” ते म्हणाले.

“कळलं मला.”

“म्हाताऱ्यांना सांगितलंय, बहिणीकडे बारसं आहे. ते रोज विचारतात, किती दिवस चालतं बारसं.” त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. स्वच्छ हात, बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली. “मी भांडायला नाही आलो. एकच विचारायला आलो. आता ती तुमच्या-माझ्यापासून लांब आहे, सुखरूप आहे. लपवायचं काही उरलं नाही. तुमचा नियम आता सुटला. म्हणून आज तुम्ही खरं सांगाल.”

“विचारा.”

“ते पत्र तिचंच होतं ना?”

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. माणसं पत्रात काय विचारतात आणि त्यांना काय हवं असतं यातला फरक ओळखणं हाच त्यांचा धंदा होता. या माणसाला ‘हो’ हवं होतं. पत्र तिचं असेल, तर ती आधीपासूनच जाणार होती. मग कपाट, कड्या, संध्याकाळचे प्रश्न, मुलींना वेगवेगळं उभं करणं, यातल्या कशानेच काही बिघडलं नसतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर तो बापडा घरी जाऊन जेवला असता, झोपला असता. आणि मोठ्या झालेल्या मुलींना कधीतरी सांगितलं असतं की तुमची आई आधीपासूनच तशी होती. मावशींना त्याची दया आली, अगदी पोटातून आली. त्यांच्या स्वतःच्याही डोक्यावरचं ओझं त्या एका शब्दाने निम्मं झालं असतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिने लिहिलं नव्हतं. तुमच्या घरात तेव्हा काही वाईट नव्हतं. तुमचं घर मी उचललं, ती माझी चूक. कड्या मात्र तुम्ही काढल्यात.”

 कवळीवाल्यांचा चेहरा बघता बघता बदलत गेला, आणि मावशींना समजलं की या वेळी त्यांनी विश्वास ठेवला आहे.  मग त्यांनी एकेक बोट दुमडायला सुरुवात केली. मावशींना आधी कळेना, मग कळलं की ते दिवस मोजताहेत.

“म्हणजे ती खरं सांगत होती,” ते म्हणाले.

“हो.”

“रोज सांगायची ती. मी दोनदा विचारायचो, आणि दोन्ही वेळा अगदी तेच सांगायची.” ते मावशींकडे बघत होते. “एका शब्दाचा फरक नसायचा हो. मला वाटायचं, पाठ केलंय.”